तीन बोटं जागा

२० जानेवारी १९९४, गुरुवार. माझ्या डायरीत त्या तारखेची पहिलीच ओळ अशी आहे: 'पंचफुला पुरुष झाली, मुंजाजी नाहीसा.' माझ्यानंतर ही डायरी कुणाच्या हाती लागली तर म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला होता असं वाटेल. म्हणून हकीकत नीट लिहून ठेवते. ती कुसुमची आहे, आणि कुसुमचे माझ्यावर जे उपकार आहेत तेही हिच्यातच येतात.

माझे यजमान व्यंकटराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. १९८९च्या मार्चमध्ये ते गेले. मुलगी इंदूरला. परभणीच्या घरात मी, रेडिओ आणि डायऱ्यांची एक पेटी, एवढेच उरलो. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आमच्याकडून रोज एक पान लिहून घेत. ती सवय सुटली नव्हती, पण त्या उन्हाळ्यात लिहायलाही काही नसे. 'दूध अर्धा लिटर. ऊन फार.' असली पानं.

जूनमध्ये एक पंचविशीची मुलगी दारात उभी राहिली. जवळच्या महाविद्यालयाच्या संगणक खोलीत ती तात्पुरत्या जागेवर होती. तिथले हेडक्लार्क दत्तराव आमच्याच गल्लीतले. माझ्या डायऱ्यांचं त्यांनीच तिला सांगितलं होतं. तिला ताळा घ्यायला माणूस हवा होता. एकाने मूळ अर्ज मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील कागदावर बोट फिरवत खूण करायची. दर वर्षी परीक्षेचे सहाशे अर्ज.

मी म्हटलं, "मला संगणकातलं काही कळत नाही."

"कळायला मी हाय की. तुमी वाचा. रोज लिहिता म्हणं, मंग वाचायला का लाजायलात?"

दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागले. तिने मला बसायला खिडकीजवळची खुर्ची दिली. त्या खुर्चीने मला वाचवलं, असं मी आजही म्हणते.

कुसुम पालमकडच्या एका खेड्यातली. १९७८च्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धांच्या वस्त्या जळाल्या. त्यांत तिचंही घर गेलं. वडील किशनराव, आई सरजाबाई आणि दोन लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी परभणीला आली. कुसुम तेव्हा नववीत होती. वडील पुढे लवकरच गेले. सरजाबाईंनी बांधकामावर काम करून तिला पॉलिटेक्निकपर्यंत पोचवलं. हे सगळं मला सांगायला कुसुमने तीन वर्षं घेतली, तेही तुकड्यातुकड्यांनी, अर्जांच्या दोन गठ्ठ्यांच्या मधल्या वेळात.

आता यंत्राविषयी. संस्थेने १९८३ साली मुंबईहून एक संगणक आणला होता. परीक्षेच्या अर्जांची यादी करणारा प्रोग्रॅम त्याच्याबरोबरच आला. १९९१च्या उन्हाळ्यात विजेच्या झटक्याने ते यंत्र गेलं. नवं आलं, पण त्याच्यावर जुना प्रोग्रॅम चालेना, आणि तो लिहिणारा माणूस परदेशी गेलेला. तेव्हा कुसुमने दोन महिने बसून स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. तो नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग घेई. आत खोटा प्रिंटर, खोटी फ्लॉपी, सगळं खोटं. जुन्या प्रोग्रॅमला वाटावं, आपण आपल्याच जुन्या यंत्रात आहोत. कुसुमने त्याचं नाव ठेवलं 'बहुरूपी'. पोलिसाच्या वेषात गल्लीत शिरून वॉरंट आहे म्हणून दरडावणाऱ्या बहुरूप्याला ती लहानपणी फार भ्यायची.

बहुरूपी अडीच वर्षं बिनतक्रार चालला.

१४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. कुसुम जिलबी घेऊन घरी आली. मंगळवारी, अठरा तारखेला, तिने अर्जाच्या डोक्यावरची ओळ बदलली. विद्यापीठाचं नाव, महाविद्यालयाचं नाव आणि परीक्षा, हे सगळं इंग्रजी अक्षरांत एकाच ओळीत येई. कागद बाहेर आला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला. वरची ओळ कागदाच्या कडेशी जाऊन बाहेर पडली होती, शेवटची काही अक्षरं उमटलीच नव्हती. परीक्षेचं नाव पुढच्या वेळी खालच्या ओळीत घेऊ, असं ती म्हणाली. तेव्हा आम्हा दोघींना त्यात दुसरं काही दिसलं नाही.

गुरुवारी ताळ्याला बसलो.

"सोनपेठची पंचफुला, बी.ए. दुसरं वर्ष, स्त्री," मी अर्जावरून वाचलं.

कुसुमचं बोट थांबलं. "परत वाचा, बाई."

"स्त्री. विषय इतिहास, गृहशास्त्र."

"इथं पुरुष हाय. अन् हे विषय तर बोरीच्या मुंजाजीचे."

मुंजाजीचं पान काढायला गेलो, तर यादीत मुंजाजीच नाही. पुढच्या तासाभरात अशी एकोणीस पानं सापडली. सोमवारपर्यंत छापलेली सगळी शाबूत होती. बिघडली ती मंगळवारपासूनची, नव्या नावाची.

दत्तरावांनी दारातूनच हटकलं. "कुसुमताई, तुमच्या नावाचा भार मशीनला झेपंना म्हणा की."

"मशीनला भार कळत न्हाई, दत्तराव. तुमच्यासारखंच हाय ते, दिलेलं काम करतंय."

ते हसले, पण दुपारपर्यंत ही गोष्ट स्टाफरूममध्ये पोचली, आणि संध्याकाळी संस्थेचे सचिव आबासाहेब यांच्याकडे. शनिवारी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. आबासाहेब बागायतदार माणूस, बोलायला तोलूनमापून.

"अर्ज एकतीस तारखेला औरंगाबादला पोचले पाहिजेत," ते म्हणाले. "जुन्या नावानं मशीन नीट चालायलं ना? मंग जुन्याच नावानं छापा. वरून नव्या नावाचा शिक्का मारू. कुणाला वाईट वाटायचं कारण न्हाई."

कुसुम म्हणाली, "शिक्का नको, साहेब. नाव छापूनच जाईल."

"अन् न्हाई गेलं तर? सहाशे लेकरांचं वर्ष जाईल. लोक काय म्हणायलेत माहीत हाय? नाव आलं अन् पहिल्या आठवड्यात घोळ घातला."

"म्हणूनच नको. शिक्का मारला की त्यांचं खरं झालं. मंगळवार संध्याकाळपर्यंत वेळ द्या. न्हाई जमलं तर माझी जागा दुसऱ्याला द्या."

तिला कायम करण्याचा कागद सहा महिने त्यांच्याच टेबलावर पडून होता. आबासाहेबांनी त्या कागदाकडे बघितलं नाही, पण आम्हा दोघींना तो दिसत होता.

"मंगळवार," ते म्हणाले.

रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली. "बाई, बहुरूपी लिहिला त्या दिवसांतलं तुमी काय काय लिहिलंय, बघू द्या. मी कुठं काय ठेवलं ते मला सगळं आठवंना."

पेटी उघडली. मी ९१ची डायरी शोधत होते. तोवर तिने हाताला लागली ती उघडली होती. १९७८, ऑगस्ट. मी बघेपर्यंत तिने वाचलंही होतं. त्या आठवड्यात मी लिहिलं होतं: 'शहर बंद. दूध आलं नाही.' दुसऱ्या दिवशी पुन्हा: 'दूध नाही.' खालचं सगळं पान कोरं.

"आमच्याकडंबी न्हवतं आलं," कुसुम म्हणाली. "म्हैसच न्हवती राहिली."

तिने डायरी मिटून होती तशी पेटीत ठेवली. "सापडली का ९१ची?"

सापडली. १३ ऑगस्ट, मंगळवार. मी वाचून दाखवलं: 'कुसुमने आज खोट्या प्रिंटरला एका ओळीसाठी ऐंशी अक्षरांची जागा दिली. आपली सर्वांत लांब ओळ चौऱ्याहत्तर अक्षरांची. मी विचारलं, ऐंशीच्या वर आली तर? म्हणाली, कुठून येतील बाई? सहा शिल्लक हायत की.'

कुसुम बोटांवर मोजू लागली. बाबासाहेबांचं नाव इंग्रजीत, मधल्या मोकळ्या जागांसकट. तेवीस. "चौऱ्याहत्तर अन् तेवीस, सत्त्याण्णव." ती थांबली. "सतरा सांडली, बाई."

"कुठं सांडली?"

तिने इकडेतिकडे बघितलं आणि पेटीतली ८९ची डायरी काढली. मार्च उघडला. व्यंकटराव गेले ती तारीख. एका तारखेला एकच पान हा माझा नियम, पण त्या दिवशीचं लिहिणं पुढच्या दोन तारखांवर वाहत गेलं होतं.

"हे बघा. दुसऱ्या दिवसाच्या पानावर तुमी आधीच लिहून ठेवलं होतं, गॅसचा नंबर लावायचा म्हणून. त्याच्यावरनं लिहीत गेलात. मंग गॅसचं काय झालं?"

"राहिलाच. महिनाभर स्टोव्हवर काढला."

"तसंच झालं. मशीनच्या डोक्यात खोट्या प्रिंटरच्या ऐंशी जागांना लागूनच खोट्या फ्लॉपीची टिपणी हाय, आता कोणत्या ठिकाणी लिहायचं त्याची. सतरा अक्षरं त्या टिपणीवर पडली. पान छापून झालं की फ्लॉपीवर नोंद होती. ती नोंद भलत्याच ठिकाणी गेली, दुसऱ्याच्या माहितीवर. पंचफुलाची जागा मुंजाजीनं घेतली, मुंजाजीच्या जागी कोण बसलं देव जाणे."

"मग जुन्या खऱ्या यंत्रात असं का नसतं झालं?"

"खरा प्रिंटर ऐंशी भरली की आपणहून खालच्या ओळीवर जायचा. बहुरूप्यानं कपडे पोलिसाचे घातले, पण पोलिसाची ती सवय मी त्याला शिकवलीच न्हाई."

मला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं, दिवसही हाताशी होते. पण कुसुम तशीच बसून राहिली.

"आई रोज म्हणायची, नाव होणार, नाव होणार. मी हो म्हणायची," ती म्हणाली. "अन् जागा मापली ती जुन्या नावाला धरून. म्हंजी मलाच वाटत न्हवतं, बाई. मलाच."

मी माझ्या परीने तिला सावरायला गेले. म्हटलं, "आबासाहेबांना सांग, मुंबईच्या जुन्या प्रोग्रॅममध्येच खोट होती. कोण तपासणार आहे?"

ती म्हणाली, "पाच वर्षं ताळा घ्यायलाव आपण. एकदा तरी न बघता खूण केली का?"

मी उठून चहा टाकला. त्या दिवशी माझ्या डायरीत त्या प्रश्नाखाली काही लिहिलेलं नाही.

सोमवारी तिने दुरुस्ती केली. आता बहुरूपी प्रत्येक अक्षर घेताना आधी विचारी, जागा आहे का? नसली तर खालची ओळ. मग ती एका दुरुस्तीवर थांबली नाही. खोटी फ्लॉपी, खोटा कीबोर्ड, सगळं पहिल्यापासून तपासलं आणि न विचारता घेण्याच्या आणखी दोन जागा काढल्या. त्या अजून कुणाला बाधल्या नव्हत्या. नाव बदललं नसतं तर या तिन्ही चुका तशाच राहिल्या असत्या, असं ती म्हणाली. शाबूत माहितीची आधीच्या सोमवारची नक्कल तिच्याकडे होतीच. मंगळवारी सकाळपासून आम्ही मूळ अर्ज पुन्हा वाचले. पंचफुला स्त्री झाली. मुंजाजी बोरीहून परत आला.

संध्याकाळी गठ्ठा आबासाहेबांच्या टेबलावर ठेवला. दत्तराव बाजूला उभे होते. कुसुमने कारण सांगितलं, काही न लपवता.

"म्हंजी चूक तुझी?" आबासाहेबांनी विचारलं.

"माझी."

"नावाची न्हाई?"

"नाव जेवढं हाय तेवढंच हाय, साहेब. जागा मी कमी ठेवली."

आबासाहेबांनी पहिलं पान उचलून वाचलं. मग दत्तरावांना म्हणाले, "शिक्का करायला टाकला होता ना? नको म्हणून सांगा." कायम करण्याच्या कागदाविषयी ते त्या दिवशी चकार शब्द बोलले नाहीत. सही जूनमध्ये झाली. का केली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

छपाईत कडेने थोडं फाटलेलं एक पान कुसुमने घरी नेलं. मीही तिच्याबरोबर गेले. सरजाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी हात पदराला पुसले.

"कुठून कुठवर हाय गं ते?"

कुसुमने त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. "हितून... हितवर."

सरजाबाईंनी त्या जागेवर बोटं आडवी लावून मापलं. तीन बोटं भरली.

"एवढंच होय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बाई, तीन बोटं जागेला सोळा वर्सं लागली बगा." आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला. मला मात्र जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

घरी आल्यावर मी १९७८ची डायरी काढली. 'दूध आलं नाही' याच्या खाली भरपूर जागा होती. तिथे १९९४ची तारीख घालून मी लिहिलं की त्याच आठवड्यात पालमकडच्या एका गावात किशनराव आणि सरजाबाईंचं घर जळालं, म्हैस गेली, आणि त्यांची मुलगी कुसुम पुढे अकरा वर्षांनी माझ्या दारात आली. एवढं लिहूनही पान भरलं नाही. राहिलेली जागा मी तशीच ठेवली आहे. कुसुमला अजून काही सांगावंसं वाटलं तर तिथे लिहीन.