हलगी घरात चालत न्हाई म्हणे

बायांनो, परवा सकाळी माझ्या मास्तर पोरानं शाळेत भाषण ठोकलं, लेकरांना सगळ्या तऱ्हेचं संगीत ऐकवा म्हणून. मी पुढंच बसल्ते.

दुपारी नातीनं मैत्रिणीच्या आज्याची हलगी आणली. चुलीपुढं धरून तापवली अन् वाजवायला लागली. हात बराबर पडत होता.

पोरानं हिसकूनच घेतली. "हे आपल्या घरात न्हाई वाजवायचं. तुला पेटी आणून दिली ना?"

मी म्हणलं, "तुझ्या वरातीत याच हलगीपुढं घामाघूम होस्तोर नाचलास की."

"ते बाहेर होतं, माय."

नात हलगी परत देऊन आली. तवापासून पेटीलाबी हात लावला न्हाई तिनं.

तुमच्याकडं वाद्य उंबऱ्याच्या आत येतं, का वाजवणाऱ्यासारखं बाहेरच उभं ऱ्हातं?