माह्या नावाची गाडी

त्या दिवशी अमरावतीच्या गाडीच्या शोरूमात आमी इतके जण होतो: मी, माहा धाकटा भाऊ, भावजय, त्यायचा पोरगा म्हंजे माहा भाचा, शोरूमची कोट घातलेली एक पोरगी, आन कर्जवाला साहेब. हा साहेब फायनान्स कंपनीचा होता, पण त्याची खुर्ची शोरूमातच होती. माहा पोरगा आन सून अकोल्यालेच होते. त्यायले मी एवढंच सांगतलं होतं, भाच्याची गाडी घ्याले चालली, संध्याकाळी वापस येतो.

माहं माहेर भातकुलीकडचं, अकोल्यात देल्ली. नवरा वीज मंडळात लाइनमन होते. ते गेल्यावर त्यायची पेन्शन मले लागली. पोरगा दाल मिलमधे कामाले हाये. मिल हंगामात चालते, हंगाम सरला का मंग शेठच्या मनावर चालते. घरात खात्रीनं येणारा पैसा एकच, माह्या पेन्शनीचा. किराणा, भाडं, नातीची शाळा, सगळं त्याच्यावर. हे आंधीच सांगून ठेवतो, म्हंजे पुढचं समजन.

भाचा दुसऱ्याच्या गाड्या चालवे. बडनेऱ्याच्या स्टेशनावरून लोकायले मोझरीले नेणं, वापस आणणं. गाडी शेठची, कमाई शेठची, शिव्या तेवढ्या याच्या. त्याले आपली गाडी पायजे होती. पण त्यानं मांगं हप्त्यावर मोबाईल घेतले होते, ते हप्ते बुडाले होते. त्याचा फोन आला.

"आत्या, कम्प्युटरनं माहं नाव खराब दाखवलं. पेन्शनवालं एक माणूस पायजे म्हणते. फक्त जामिनाले."

"तुह्या बापाले ने."

"बापाजवळ कापूस हाये, पेन्शन नाई. कम्प्युटरले कापूस समजत नाई."

आमच्याकडे आत्यानं भाच्याले नाई म्हणाचं नसते. त्याच्या पाळण्यात नाव मी ठेवलं होतं. तवा भावजयीनं मले लुगडं नेसवलं होतं. लुगडं केव्हाच फाटलं, पण नेसलं ते नेसलं. गेली मी.

शोरूमची काच इतकी साफ होती का भाऊ दार समजून तिले धडकला. कोटवाली पोरगी म्हणे, "काही नाही सर, सगळेच धडकतात." भावाले सर म्हणणारं जन्मात पहिलंच माणूस. तो कपाळ चोळत हसून राहिला होता.

साहेबानं मले खुर्ची देल्ली, पाण्याची बाटली देल्ली आन ताटाएवढा मोबाईल पुढ्यात ठेवला. त्याच्यावर बोटानं सही करा म्हणे. मी चौथी शिकली, सही येते. पण काचेवर ती कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी आली.

"चालते आजी," साहेब म्हणे.

"हे लिहिलं काय हाये?"

"तेच, जामिनाचं. इंग्लिश आहे."

मंग माह्या फोनवर नंबर आला. साहेब म्हणे, "आजी, नंबर सांगा."

आता या नंबराचं सांगतो. आमच्या घरी गॅसवाला येते. सिलेंडर उतरवाच्या आंधी तोही असाच म्हणते, आजी, नंबर सांगा. सांगतला का सिलेंडर देते, नाई सांगतला तर वापस नेते. माह्या समजुतीनं नंबर सांगणं म्हंजे माल भेटला, इतकंच. कोणाले नंबर सांगू नका, असं सून नेहमी बजावते. पण ते फोनवरच्या चोरायले. हा त समोर बसला होता, गळ्यात पट्टा, पट्ट्याले त्याचा फोटो. मी नंबर सांगतला. परत आला, परत सांगतला. भाचा बाजूलेच होता, पण त्याचं ध्यान गाडीवर होतं.

गाडी लाल कापडाखाली होती, उद्घाटनाच्या पुतळ्यावानी. पोरीनं कुंकू आन नारळ आणला. भाऊ म्हणे, "आमी बौद्ध हाओ, नारळ राहू द्या."

"मग तुमच्यात काय करतात सर?"

भावानं याचा विचार केला नव्हता. आमच्या खानदानात आंधी कोणी गाडी घेतली नव्हती. मंग म्हणे, "हात जोडतो." आमी सगळ्यायनं गाडीले हात जोडले. पोरीनं नारळ पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवून देल्ला. मंग केक कापला, आन पुठ्ठ्याची एक चावी आणली, बाजेच्या पायाएवढी. फोटोसाठी. भाचा म्हणे, "आत्याच्या हातात द्या. तिच्यामुळं झालं." मले बरं वाटलं. फोटोत मी मधात हाये, चावी धरून.

ते गाडी घेऊन भातकुलीले गेले. मी सोनपापडीचा डब्बा घेऊन एसटीनं अकोल्याले आली.

पावसाळा सरता सरता सून एक दिवस माहा फोन घेऊन चुलीशी आली.

"आई, तुमी काल मोझरीले गेल्ता काय?"

"काल मी तुह्यासमोर भाकरी थापून राहिली होती."

"फोनवर त आलं का तुमी मोझरीच्या रोडनं भरधाव गाडी चालवून राहिल्या होत्या. दंड लागला तुमाले."

"मले?"

"तुमालेच. नाव हाये. पट्टा बी नव्हता लावला तुमी."

पोरगा चहा पेत होता, त्याच्या नाकातून चहा आला. मी भाच्याले फोन लावला. तो म्हणे, "कम्प्युटरची चूक असन आत्या, मी पाहतो." त्यानं दंड भरला. मंग एक डाव मी बडनेऱ्याले चुकीच्या बाजूनं घुसली. सून म्हणे, "आई, वय झालं, सांभाळून चालवत जा." आमी हसलो. हसाचं नव्हतं, पण तवा आमाले ते समजलं नव्हतं.

दिवाळीच्या आंधी मी पेन्शन काढाले बँकेत गेली. मॅडमनं पासबुक मशीनमधी घातलं, पाह्यलं, आन म्हणे, "आजी, हप्ता कापला गेला. थोडेच उरलेत."

"कोणाचा हप्ता?"

"तुमच्या गाडीचा."

"माही गाडी नाई बाई. भाच्याची हाये. मी जामिनाले होती."

मॅडमनं पासबुक माह्याकडं फिरवलं, बोट ठेवलं. आंधीचे हप्तेही माह्याच खात्यातून गेले होते. भाचा तारखेच्या आंधी पैसे टाके, ते निघून जात, म्हणून मले पत्ता नव्हता. त्या महिन्यात त्यानं टाकले नाई. हप्त्यानं पेन्शन घेतली.

पुढच्या महिन्यातही तसंच झालं. मिल बंद होती. पोरगा मिलमधून दाळीची चुरी घेऊन आला होता. तिचंच वरण, तिचंच पिठलं, तिचेच वडे. नात म्हणे, आजी, आज काय? मी म्हणो, ओळख. घरमालक भाडं मांगाले आला, त्याले चहा पाजून वापस पाठवलं. तिसऱ्यांदा त्यानं चहा पेला नाई. म्हणे, पुढच्या महिन्यात भाडं नाई त खोली खाली करा.

भाच्याले फोन केला. पहिले उचलला नाई. सुनेच्या फोनवरून केला, उचलला.

"आत्या, गाडी पांढऱ्या पाटीची निघाली."

"मंग?"

"भाड्यानं चालवाले पिवळी पाटी लागते. शोरूमवाले म्हणे आंधी पांढरी घ्या, कर्ज लवकर होते, मंग बदलून देऊ. आता म्हणते फायनान्सची परवानगी आणा, आणखी पैसे भरा. मले दोन डाव पकडलं. गाडी लिंबाखाली उभी हाये."

"हे मले सांगता नाई आलं?"

"लाज वाटली, आत्या."

"लाजेनं हप्ता भरते काय?"

त्यानं फोन ठेवला. माहा पोरगा म्हणे, मी जातो, त्याचे तंगडे तोडतो. मी म्हटलं, तंगडे तोडल्यानं पेन्शन येत असन तर जा. तो बसला.

मी सुनेले घेऊन शोरूमात गेली. तोच साहेब, तीच खुर्ची. या डाव बाटली नव्हती. सून अंगणवाडीत हाये, बोलाले घाबरत नाई. तिनं इचारलं, जामीनदाराच्या खात्यातून हप्ता कसा कापता? साहेबानं कम्प्युटर फिरवला. म्हणे, "या जामीनदार नाहीत. कर्ज यांचंच आहे. गाडी यांच्याच नावावर आहे. भाचा फक्त कर्जात दोन नंबरला आहे. त्याच्या नावानं झालंच नसतं."

"हे यायले सांगतलं होतं काय?"

"सांगितलं होतं ना. दोनदा नंबर दिला आजींनी." आन त्यानं तो फोटो काढून दाखवला. "हे पाहा. चावी कोणाच्या हातात आहे?"

माह्याच हातात होती.

सुनेनं एक एक रक्कम इचारली. गाडीच्या किमतीत विमा होता, जास्तीची वारंटी होती, आन चकाकी राहाची म्हणून गाडीले काही औषध चोपडलं होतं, तेही माह्या कर्जात. सून म्हणे, "एवढं औषध लावून गाडी लिंबाखाली हाये. चिमण्या हगून राहिल्या तिच्यावर." साहेब हसला. सून हसली नाई.

मी इचारलं, "साहेब, गाडी माही हाये, हे पक्कं?"

"पक्कं, आजी."

"माहा भाऊ, माहा भाचा, कोणाचीच नाई?"

"कागदावर फक्त तुमचीच."

"मंग मले इकता येते."

त्यानं कम्प्युटर आपल्याकडं वळवला. म्हणे, "कर्ज फेडून विकता येते. जुन्या गाड्या आम्हीच घेतो, मागं."

"बरं," मी म्हटलं.

तिथून सुनेले अकोल्याच्या गाडीत बसवलं आन मी एकटी भातकुलीकडं गेली. भावाच्या आंगणात लिंबाखाली गाडी उभी होती. भावजयीनं जुनं लुगडं टाकून झाकली होती. मले पाहून भावानं बाज टाकली. चहा झाला. मी सांगतलं, गाडी न्याले आली.

भाऊ म्हणे, "पोरगा कमावते न, थोडं थांब. माहेरच्या पोराच्या तोंडातला घास काढतं काय, बाई?"

"माह्या घरी चुरी खाऊन राहिलो आमी. घरमालक खोली खाली करा म्हणते."

भावजय चुलीपाशी होती. तिथूनच म्हणे, "बापाच्या वावरावर सही करून देल्ली त गाडीनं वसूल करून राहिल्या काय आता?"

वावराचं माह्या मनातही नव्हतं. हिस्सा सोडाची सही मी खुशीनं देल्ली होती, माहेर राहावं म्हणून. मी म्हटलं, "वहिनी, वावर तुमालेच राहू द्या. मले फक्त माही पेन्शन पायजे." तिनं फुंकणी जोरानं फुंकली. राख माह्यापस्तोर आली.

भाऊ उठून मांगच्या दारानं निघून गेला. भाचा आतून चावी घेऊन आला. माह्या हातात ठेवली. मंग त्याच्या ध्यानात आलं का मले चालवता येत नाई. त्यानं परत मांगून घेतली. "चाल आत्या," म्हणे.

माह्या गाडीत मी तवा पहिल्यांदा बसली. पट्टा त्यानंच लावून देल्ला. अर्ध्या वाटेत तो म्हणे, "आत्या, एसी लावू?"

"कायले?"

"आपलीच हाये. आज आज."

"लाव मंग."

थंडी वाजली, पण मी बंद कर म्हटलं नाई. शोरूम आल्यावर त्यानं गाडी उभी केली, गाडीतल्या डब्ब्यातलं फडकं काढून समोरची काच पुसली, मंग चावी देल्ली. जुन्या गाडीवाल्यानं गाडीच्या भोवती दोन चकरा मारल्या आन भाव सांगतला. घासाघीस केली, थोडा वाढला. तरी त्यात कर्ज पुरं फिटलं नाई. राहिलेलं मी नवऱ्यानं ठेवलेली एफडी मोडून भरलं. ती मी माह्या मातीसाठी, मेल्यावरच्या खर्चाले, ठेवली होती. आता मातीचं पोरगा पाहीन.

कर्ज सरल्याचा कागद घरी आला. सुनेनं वाचला, दोन डाव. दुसऱ्या महिन्यात पेन्शन पुरी आली. भाडं देल्लं, तुरीची अख्खी दाळ आणली.

भाऊ बोलत नाई. वर्षानं दिवाळी आली, भाऊबीजेले मी पाट मांडला नाई, तो येणार नाई हे माहीत होतं. भावजयीनं सगळ्या नातलगात सांगतलं, आत्यानं गाडी इकली. ते खरंच हाये. भाचा परत शेठच्या गाडीवर हाये. दर महिन्याले पेन्शनीच्या तारखेले त्याचा फोन येते.

"आत्या, पुरी आली काय?"

"आली."

"बरं," म्हणते, आन ठेवते. बापाले न सांगता करत असन. मीही काही इचारत नाई.

तुमी हे वाचून राहिले म्हंजे तुमाले वाचता येते. तुमच्या घरात कोणाले वाचता येत नसन, आन त्याची सही पायजे असन, तर कागदात कर्ज कोणाच्या नावानं हाये तेवढं त्याले मोठ्यानं वाचून दाखवा. मंग सही मांगा. दुसरं काही मांगणं नाई.