वारा कानावर घ्या

मोहितेबाई गेल्याचं मला ऑफिसच्या सूचनाफलकावरून कळलं. टाइप केलेल्या चार ओळी, खाली शिक्का. ‘श्रीमती मोहित्ये यांच्या दुःखद निधनानिमित्त आज दुपारी साडेचार ते पावणेपाच शोकसभा.’ बाईंनी बारा वर्षं ज्या ऑफिसात काढली, तिथे आडनावसुद्धा धड लिहिता आलं नाही. मुख्य साहेब बोलले. कारखाने आणि गावं यांच्यातला दुवा निखळला, कर्तव्यदक्ष सहकारी हरपली, वगैरे. दोन मिनिटांची शांतता मिनिटभरातच आटोपली, कारण चहा आला होता. मी दुसऱ्या रांगेत उभा होतो. काही बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. गप्प राहण्याची सवय मला तिथेच लागली... त्या सभेला आता पाच आठवडे झाले.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या काही कारखान्यांनी मिळून एक सुरक्षा कार्यालय चालवलं होतं. आग लागली, वायू सुटला, तर कोणी काय करायचं, हे ठरवणारं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी तिथे कारकून होतो. आजूबाजूच्या गावांना ही माहिती द्यायला कोणीतरी हवं, म्हणून मोहितेबाईंना नेमलं. त्या मूळच्या मंडणगडकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या, आधी शाळेत शिक्षिका. बुटक्या, ठणठणीत आवाजाच्या. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांच्या हातात छापील पत्रकांचा गठ्ठा दिला. ‘वायुगळतीच्या प्रसंगी नागरिकांनी वाऱ्याच्या लंब दिशेने तातडीने स्थलांतर करावे.’ बाई तो गठ्ठा घेऊन जवळच्या बोनकोडे गावातल्या विहिरीवर गेल्या. सोबत मी. त्यांनी पत्रक मोठ्याने वाचलं. हंडे भरायला आलेल्या बायका ऐकत राहिल्या. मग हिराबाई नावाची एक आगरी बाई म्हणाली, “ह्ये पत्रक मंत्र्याचं हाय का गो?” सगळ्या हसल्या. बाईही हसल्या, पत्रकं पिशवीत घातली आणि खालची मूठभर माती उचलून हळूहळू सोडली.

“बघा, माती कुठे उडते. तिकडे वारा चाललाय. वायू पण तिकडेच जाणार. वाऱ्याच्या पुढे पळालात तर तो तुमच्या मागे येणार. वाऱ्याच्या समोर गेलात तर तुम्हीच त्याच्या तोंडात जाणार. म्हणून वारा तोंडावर नको, पाठीवर नको. कानावर घ्या आणि आडवं चालत सुटा. नाकाला ओला फडका.”

त्या दिवसापासून ते गावांच्या तोंडी बसलं. पोरंबाळंसुद्धा खेळताना ओरडायची, “वारा कानावर!” पुढची काही वर्षं बाई गावोगाव पायपीट करत राहिल्या. देवळाचा कर्णा त्यांनी मागून घेतला, मशिदीचाही. भोंग्याची चाचणी असली की आदल्या दिवशी घरोघर सांगून येत, म्हणजे उगाच कोणी घाबरू नये. भोंगा वाजला म्हणजे काय आणि थांबला म्हणजे काय, हे बोनकोड्याच्या म्हाताऱ्यांना आमच्या इंजिनियरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत, “आमच्या बाईंचा शब्द गावात चालतो.”

तो शब्दच साहेबांनी एके दिवशी वापरून घेतला.

ऐंशीनंतरची गोष्ट. हिवाळ्यातली सकाळ, डोंगराकडून गावाकडे वाहणारा वारा. अकराच्या सुमारास उग्र वास यायला लागला. साहेब म्हणाले, भोंगा नको, उगाच पेपरात येतं. जीप घेऊन जा आणि लोकांना सांगा, टाक्यांची साफसफाई चालू आहे.

“कुठल्या कारखान्यात?” बाईंनी विचारलं.

“बाई, लोकांना शांत ठेवणं हे तुमचं काम. बाकीचं आमच्यावर सोडा.”

बाई गेल्या. गाव निघालेलंच होतं. बायका पोरांना काखोटीला मारून बांधावरून आडव्या चालल्या होत्या, नाकाला ओले फडके. शिकवलं होतं अगदी तसं. जीपवरच्या कर्ण्यातून बाई बोलल्या, “घाबरू नका. साफसफाईचा वास आहे. घरी जा, दारं-खिडक्या लावून घ्या.” माणसं थांबली, एकमेकांकडे बघितलं... आणि परत फिरली. मी ड्रायव्हरशेजारी बसून हे पाहत होतो. दुपारपर्यंत निम्मं गाव ओकत होतं. हिराबाईचा नवरा दम्याचा, तो आठव्या दिवशी गेला. कागदावर कारण आलं, जुना आजार. चौकशी झाली नाही.

बाई भेटायला गेल्या तेव्हाही मी बरोबर होतो. हिराबाई ओट्यावर बसली होती. रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, “बाय, आमी निंगालो व्हतो. तुजा आवाज आयकला न् मागं फिरलो.”

बाई उठल्या. परतीच्या वाटेवर एवढंच बोलल्या, “मी स्वतः विचारल्याशिवाय यापुढे एक अक्षर बोलणार नाही.” मला तेव्हा ते दुःखातलं बोलणं वाटलं.

मग भोपाळ झालं. आमच्याकडे अचानक पोस्टर आली, स्लाइड्स आल्या, पाहुण्यांसाठी फेटे आले. बाईंच्या हाताखाली दोन माणसं देऊन फोटो काढले. नियम मात्र तोच राहिला, भोंगा साहेबांच्या लेखी हुकमाशिवाय वाजवायचा नाही.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा तसाच हिवाळा, तशीच सकाळ. नऊ वाजता एका कारखान्यातून फोन आला. व्हॉल्व्ह गेलाय, वायू सुटलाय. साहेब मुंबईला मीटिंगमध्ये. त्यांच्या सेक्रेटरीने सांगितलं, निरोप देतो, थांबा. बाईंनी थेट कारखान्याच्या फोरमनला फोन लावला. “वारा कुठे आहे?” समोरून उत्तर आलं, “गावाकडे.” बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि वॉचमनला म्हणाल्या, “वाजव.” त्याने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरची फाइल उघडली. बाईंनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः भोंगा सुरू केला. मग जीपमध्ये बसल्या. मागोमाग मी. आवारात आलो तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा जळत होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

बोनकोड्यात माणसं दारात उभी होती, पण हलेना कोणी. भोंगा ऐकला होता, पण बाईंच्या शब्दावर विश्वास राहिला नव्हता. हिराबाई पुढे आली. “आज खरं का?”

“आज खरं आहे. मी विचारून आले.”

हिराबाईने क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वळून असा आवाज दिला की त्यापुढे कर्णा फिका. पंधरा मिनिटांत गाव रिकामं झालं. अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह बंद झाला. वायू रिकाम्या घरांवरून गेला. कोणाला साधी उलटीसुद्धा झाली नाही. फक्त एक म्हातारी बांधावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं.

माणूस मेला तेव्हा चौकशी नव्हती. मनगट मोडलं तेव्हा तिघांची समिती बसली. गळती किरकोळ होती, कोणाला काही झालं नाही हाच त्याचा पुरावा, आणि बाईंनी विनापरवाना घबराट पसरवली, असं ठरत चाललं होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. म्हणाले, “सीनियर क्लार्कच्या जागेची तुमची फाइल माझ्यासमोरच आहे. तुम्ही आवारात होतात ना? वास आला होता?” मी लिहून दिलं, ‘मला कोणताही वास जाणवला नाही.’ खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

बाईंना मागच्या रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. गावांशी संपर्क ठेवायचा नाही, असा लेखी आदेश. त्या मला व्हरांड्यात भेटल्या. थांबल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुम्हाला सर्दी होती का हो तेव्हा?” मी खाली बघितलं. पुन्हा त्यांनी हा विषय कधी काढला नाही. येता-जाता माझी चौकशी करत, आणि ते मला शिवीपेक्षा जास्त लागे. दोन वर्षांनी, एका सकाळी वाशीच्या घरी, हृदयविकाराने त्या गेल्या.

गेल्या रविवारी त्यांच्या भाचीने बोलावलं. आवराआवर करताना कपाटात एक जाड वही सापडली होती. ऑफिसची असेल तर घेऊन जा, म्हणाली. वहीत गावागणिक, घरागणिक नोंदी होत्या. ‘ऐकू येत नाही, खांद्याला हात लावून सांगणे.’ ‘सून गरोदर, सातवा.’ ‘आजोबा अंथरुणाला खिळून, दोन माणसं लागतील, मागचं दार रुंद.’ कोणी वारलं तर नाव खोडलेलं, मूल झालं तर वाढवलेलं. शेवटच्या नोंदी त्यांच्या जाण्याच्या आदल्या महिन्यातल्या. म्हणजे आदेश धाब्यावर बसवून बाई सुट्टीच्या दिवशी ही पायपीट करत होत्या. ऑफिसला याची कल्पना नव्हती. मलाही नव्हती.

मागच्या पानांवर कोपरखैरण्याची नवी वसाहत होती. प्रमोशननंतर मी तिथे राहायला गेलो. एका ओळीत माझं आडनाव दिसलं. ‘यांची आई. गुडघे धरलेले. तळमजला. मुलगा दिवसा ऑफिसात. समोरच्या शेखबाईंना सांगून ठेवले आहे, त्या व त्यांचा भाऊ उचलून नेतील.’

घरी येऊन मी आईला विचारलं, मोहितेबाई इथे कधी आल्या होत्या का? आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “येतात की. चहा घेतात, शेखबाईशी बोलतात, जातात. तुझ्याच ऑफिसातल्या ना? हल्ली बरेच दिवस फिरकल्या नाहीत. बरं आहे ना त्यांचं?”

मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.