रेडिओच्या सलूनातली खाऱ्या पाण्याची टाकी

गिऱ्हाईकं त्याला रेडिओ म्हणायची. त्याच्या सलूनात खुर्चीवर बूड टेकलं, की तो सुरू व्हायचा, तो मानेवरचा टॉवेल झटकेपर्यंत बंद म्हणून होत नसे. गल्ल्यावर त्याची थोरली बहीण बसायची. ती कपाळाला हात लावून बसली, की त्याला वाटायचं, ताईचं डोकं दुखतंय. मग तो तिला डोकेदुखीवरचे उपाय सांगत सुटायचा.

एकदा त्याच्या मनानं घेतलं, की सलूनात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी हवी, रंगीत माशांची. टाकी आली, घोडं अडलं फिल्टरपाशी. अ‍ॅक्वेरियमवाल्यानं दोन प्रकार दाखवले. एक बंद डब्याचा, अगदी गुपचूप चालणारा. दुसऱ्यात टाकीखालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी. वरचं पाणी पाइपातून धो धो तिच्यात पडणार, तिथलं एक नळकांडं फेस काढून त्याच्याबरोबर घाण काढणार आणि पंप पाणी परत वर चढवणार.

"डबाच बरा," रेडिओ म्हणाला. "त्या धबधब्यात माझं बोलणं कुणाच्या कानावर पडणार?"

"स्वतःचं काय बघतोस? मुक्या जिवांचं बघ!" ताई कळवळून म्हणाली. "काय हो, माशांना काय मानवेल?"

"एवढ्या टाकीला दुसराच. डबा सारखा उघडून धुवावा लागतो. जरा आळस केला, की पाणी बिघडलंच."

अ‍ॅक्वेरियमवाला बोलला ते खरंच होतं. पण बोलताना तो मिशीतल्या मिशीत हसत होता, ते रेडिओच्या ध्यानात आलं नाही. ताईला माशांची एवढी माया? त्याचे डोळेच भरून आले.

दुसरा फिल्टर बसला आणि सलूनात नुसता खळखळाट सुरू झाला. रेडिओनं आवाज चढवून पाहिला, हातवारे करून पाहिले. गिऱ्हाईकं कानाकडे बोट दाखवायची आणि डोळे मिटून झकास डुलकी काढायची. घसा बसला तेव्हा बिचारा मुकाट्यानं केस कापू लागला.

एके दिवशी कंगवा निसटून कपाटाखाली गेला. तो काढायला रेडिओ वाकला, तर उघड्या दारातून त्याला पाइपावर एक तोटी दिसली. त्यानं ती सहज थोडी पिळली. खळखळाट एकदम थांबला.

त्याच क्षणी ताई फोनवर मैत्रिणीला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होती, "अगं, त्याचं तोंड बंद व्हावं म्हणूनच घेतला तो फिल्टर! तोटीसुद्धा मुद्दाम सताड उघडी ठेवायला लावली!"

सगळं सलून ऐकत होतं. दाढीला फेस लावलेले पोस्टमास्तर फुस्सकन हसले आणि आरसा पांढरा झाला.

रेडिओ हळूच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "ताई, मला नुसतं सांगायचंस ना."

"सांगायला मध्ये जागा कधी दिलीस?"

रेडिओनं वाकून कंगवा उचलला आणि तो पुसत राहिला. खळखळाट नसताना तो गप्प राहिलेला कुणी पाहिलाच नव्हता, म्हणून पोस्टमास्तर घाबरून म्हणाले, "अरे, बोल बाबा काहीतरी!"

पाणी काचेसारखं नितळ राहिलं, मासे धडधाकट झाले. तोटी मात्र आता रेडिओच्या ताब्यात आहे. नवं गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं, की तो अदबीनं विचारतो, "साहेब, मी बोलू, की पाणी सोडू?"