न उघडणारी लग्नपत्रिका

मी डहाणूत कॉम्प्युटर शिकवतो आणि अनोळखी फाईल उघडू नका, हे रोज घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. माझ्याच आईने आशागडच्या घरी बसून ती उघडली.

तलासरीच्या एका नातलगाच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका' आली होती. फोनने एकेक परवानगी मागितली, आईने सगळ्यांना हो म्हटलं. लग्नाच्या आमंत्रणाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच तिचं म्हणणं. पत्रिका काही उघडली नाही. तिच्या फोनवरून मात्र ती आपोआप गावभर आणि नात्यात गेली.

मी आधी बँकेत फोन करून तिचं खातं गोठवून घेतलं. मग तिला ग्रीकांच्या लाकडी घोड्याची गोष्ट सांगितली: लोकांनी भेट समजून घोडा हौसेने वेशीच्या आत घेतला आणि त्याच्या पोटातून शत्रूचे सैनिक उतरले.

"वरातीचा वाटला असेल त्यांना," आई म्हणाली. "तू चाळिशी ओलांडलीस. मी तर गाढवसुद्धा आत घेतलं असतं."

लग्न न करण्याचा माझा हट्ट आणि दारात मांडव बघण्याचा तिचा, दोन्ही जुने.

सकाळी अंगणात बांबू टाकल्याचा आवाज आला. आमंत्रण मिळालं की प्रत्येक घराने मांडवाला बांबू न्यायचा, ही आमच्याकडची रीत. घरात लग्नाचा मीच एक शिल्लक, त्यामुळे नवरदेव कोण हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तारीख काय उघडली नाय," शेजारचे काका म्हणाले. "म्हटलं, उशीर नको."

डहाणूची धाकटी मावशी सुकट घेऊन रिक्षातून उतरली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "बरा दिसतोस की. मग एवढा वेळ का लावलास?"

मी खरं सांगायला ओट्यावर चढलो. आईने दंडाला धरून खाली ओढलं. मला राग आला, मग तिचा चेहरा दिसला.

"जन्मभर यांच्या दारी मी बांबू नेले," ती हळूच म्हणाली. "आज माझ्या दारी आलेत."

मी पुन्हा ओट्यावर चढलो नाही. मांडवात फोन चालत नाही, अशी नवी रीत मी तिथल्या तिथे काढली, ती फाईल आणखी पसरू नये म्हणून सगळ्यांचे फोन बंद करून टोपलीत ठेवले आणि खड्डे खणायला घेतले. आता फसवणारा मीच होतो.

दुपारी मांडवाखाली पंगत बसली. वाढता वाढता आई माझ्या कानाशी वाकली.

"पत्रिका खोटी होती, ते सांगून टाक आता," ती म्हणाली. "पण आधी सगळ्यांचा भात होऊ दे."