ताण न येणारे साडूभाऊ

जगात ताण नावाची गोष्टच नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला. आमचे साडूभाऊ. "ताण तारेला येतो, माणसाला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोलशेतच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनं सांभाळून ते निवृत्त झाले आणि नौपाड्यातल्या घरात पंख्याला, मिक्सरला अन् आल्यागेल्याला एकाच सुरात दम भरू लागले. फक्त बायकोपुढे आवाज खाली. माझ्या या थोरल्या मेहुणीला, मी तिला ताईच म्हणतो, डिमेन्शिया झाला. नवऱ्याचा चेहराच ती विसरली. "हा कोण माणूस घरात?" असं ती दिवसातून वीसदा विचारी, आणि साडूभाऊ वीसदा हात जोडून ओळख करून देत, कधी इस्त्रीवाला म्हणून, कधी तिच्या माहेरचा पाहुणा म्हणून. ज्याच्या हातून ती त्या दिवशी जेवेल, तो. एकदा तिने आमटीची वाटी अंगावर फेकली, तर म्हणाले, "मीठ कमी पडलं असणार."

अशा रुग्णांना सांभाळणाऱ्यांचा ताण मोजायचा एक अभ्यास चालू होता, त्यात मीच त्यांचं नाव घातलं. एक मुलगी येऊन त्यांच्या मनगटावर नाडी आणि घाम टिपणारा पट्टा बांधून गेली. सोबत वही, केव्हा काय झालं ते लिहायला. साडूभाऊंनी पंधरा दिवस प्रत्येक रकान्यात 'ठीक' लिहिलं.

ती मुलगी आलेख घेऊन आली तेव्हा मी तिथेच होतो. ताई एकटीच टेंभी नाक्यापर्यंत निघून गेली होती, त्या दिवशीही ताणाची रेघ तेवढी चढली नव्हती, जेवढी रोज दुपारी चारनंतर चढत होती.

"काका, चारला काय होतं?"

"चहा," साडूभाऊ म्हणाले. मग पट्टा चाचपू लागले. "ती केस विंचरून दाराशी बसते. नवरा यायची वेळ झाली म्हणते. मी शेजारीच असतो. मला म्हणते, तुम्ही निघा आता, ते आले तर काय म्हणतील?"

"चार ते साडेपाच मी बसत जाईन, तुम्ही फिरून या," मी म्हटलं. मी पुढच्याच गल्लीत राहतो. आठवडाभर ते नाही म्हणाले. मग एका दुपारी चपला घालून मुकाट्याने निघाले. साडेपाचला बेल वाजली. ताईने दार उघडलं.

"आज उशीर केलात?"

साडूभाऊ उंबऱ्यातच थबकले. "मशीन बंद पडलं होतं," कसंबसं म्हणाले.

पावसाळाभर हे चाललं. दिवाळीनंतर ताईने दाराकडे बघणंच सोडलं. साडूभाऊ मात्र अजून चारला निघतात आणि साडेपाचला बेल वाजवतात. दार मी उघडतो. ते माझ्या खांद्यावरून आत बघतात, आणि चपला काढायला जरा जास्तच वेळ लावतात.