लाईन कोण खातंय

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये बसून मी आसपासच्या लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळते. नेटवर्क म्हणजे काय हे यातल्या एकाही मालकाला माहीत नसतं. पण ते बिघडलं की कोणामुळे बिघडलं, हे मात्र प्रत्येकाने आधीच ठरवलेलं असतं. मला बोलावतात ते त्यांच्या म्हणण्यावर मान डोलवायला.

काशीमिऱ्याच्या शेठनीही तसंच बोलावलं. वडिलांच्या मिठागराच्या जागी त्यांचं आता टाइल्सचं गोदाम आहे. रोज दुपारी तिथली इंटरनेटची लाईन मरगळायची, मालासोबत द्यायची ऑनलाइन चलनं निघायची नाहीत आणि ट्रकवाले गेटवर हॉर्न वाजवत उभे राहायचे. चलनं काढणाऱ्या बाई शांती नगरहून यायच्या. त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच, हे गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं. शेठनाही.

"ती बाई दुपारची सिरियल बघते ओ मॅडम," शेठ म्हणाले. "लाईन तीच खाते. तुम्ही फक्त पुरावा काढून द्या. महिना संपला की दुसरी मुलगी येणार हाय, माझ्या मेव्हण्याच्या ओळखीतली."

"आणि पुरावा नाही निघाला तर?"

"न्हाय कसा निघणार?"

म्हणजे निकाल लागला होता, फक्त चौकशी बाकी होती. मला राग आला, आणि त्या रागापायीच मी ते काम घेतलं.

गोदामाची सगळी लाईन कोपऱ्यातल्या एका जुनाट कॉम्प्युटरमधून जायची. लाईनवरून कोणाचं किती येतं-जातं हे दाखवणारा सॉफ्टवेअरचा एक संच मिळतो, पण ते मशीन इतकं म्हातारं की तयार संच त्याला पचेना. तेव्हा मूळ सोर्स कोड आणून तो तिथेच कंपाइल करायचा, म्हणजे त्या मशीनच्या मापाचा प्रोग्रॅम तिथल्या तिथे बांधून घ्यायचा, एवढाच मार्ग उरला. हे शेठना समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे तुम्हाला रेडीमेड भेटलं न्हाय." पुढे समजावण्यात अर्थ नव्हता.

पेन ड्राइव्हवरून कोड उतरवला आणि पहिली आज्ञा दिली. यात प्रोग्रॅम आधी मशीनची तपासणी करतो, काय आहे, काय नाही. दोन-चार ओळी सरकल्या आणि गाडं अडलं. तक्रार अशी, की आत्ता तयार झालेली फाइल सोबत आलेल्या फाइलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. मी तारीख पाहिली. बाहेर मे महिन्याचं ऊन पत्रा तापवत होतं आणि मशीनमध्ये मागची दिवाळी चालली होती.

"ते मुद्दाम आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची फुकटची ट्रायल केव्हाच संपली होती. तारीख मागे नेली की ते बिचारं फसायचं आणि चालायचं. तारीख मागे न्यायचीच, तर शुभ दिवशी न्या, असा शेठचा हुकूम होता. म्हणून ताई रोज सकाळी आल्या आल्या लक्ष्मीपूजन लावायच्या. चोरी करायची तीही मुहूर्तावर, याला भक्ती म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. ऑनलाइन चलनाला मात्र खरी तारीख लागते, म्हणून त्यांच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर होते, एकात आज आणि एकात दिवाळी. बाई दिवसभर या दोन तारखांत ये-जा करत होत्या, आणि शेठच्या मते सिरियल बघत होत्या.

आधीच्या कोणा हुशार माणसाने कोपऱ्यातल्या मशीनचं घड्याळ या दिवाळीवाल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवलं होतं. सगळीकडे एकच तारीख दिसावी म्हणून. ते मी सोडवायला घेतलं, तर शेठ धावत आले.

"तारखेला हात लावू नका हां. धंदा बसेल."

"तुमची लक्ष्मी आहे तिथेच राहील," मी म्हटलं. "मी फक्त या मशीनला आज कोणता दिवस आहे ते सांगतेय."

मग कंपाइल सुरू झालं. ओळींमागून ओळी वर पळू लागल्या. शेठ हात मागे बांधून बघत राहिले. अशा कामात मधूनमधून किरकोळ वॉर्निंगा येतात, त्यांच्याकडे कोणी बघतही नाही. शेठनी मात्र तेवढाच शब्द बरोबर वाचला. "बघा, वॉर्निंग आली," ते खुशीत म्हणाले. "तिचंच असणार काहीतरी." ताई पलीकडे चलन भरत होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते.

दुपारी जेवणं झाली, शेठ वर केबिनमध्ये गेले आणि थोड्या वेळाने लाईन मरगळली. संच तयार होता. मी आकडे पाहिले आणि शेठना खाली बोलावलं. ताईंनाही थांबवून घेतलं. शेठ हातात मोबाईल धरूनच आले.

"ताईंचे दोन्ही कॉम्प्युटर इथे तळाला आहेत," मी दाखवलं. "काहीच खात नाहीत. लाईन खातोय तो कॅमेरा, त्याचं चित्र या लाईनवरून कोणाच्या तरी फोनवर जातंय. तुमच्या फोनवर कॅमेऱ्याचं ॲप चालू आहे का?"

"हाय की. गोदामावर लक्ष नको?"

"बंद करा."

त्यांनी बंद केलं. आकडा तिथल्या तिथे खाली बसला. ताईंचं अडकलेलं चलन प्रिंटरमधून बाहेर आलं.

शेठ एकदम मोठ्या मनाचे झाले. "म्हणजे तिचा दोष न्हाय. चला, राहू दे तिला कामावर." जणू त्यांनी बाईंना काही बक्षीसच दिलं होतं.

"मॅडम," ताईंनी मला विचारलं, "कॅमेरे तर पुष्कळ आहेत. कोणता चालू होता ते यात कळतं?"

कळत होतं. गेटचा नाही, माल चढवतात तिथला नाही. ताईंच्या टेबलावर रोखलेला, तेवढा एकच. मी सांगून टाकलं. शेठ फोनची काच शर्टाला पुसत राहिले.

"कामावर लक्ष ठेवावं लागतं ओ," ते म्हणाले.

ताईंनी ते चलन नेऊन खिडकीतून ड्रायव्हरला दिलं, त्याला गेट दाखवलं आणि परत येऊन पर्स खांद्याला लावली.

"रोज दुपारभर बघत होतात, शेठ," त्या म्हणाल्या. "मग मी सिरियल बघत नाही, हे तुम्हाला माहीतच होतं."

त्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.